वर्ट उकळताना वर येणारा फेस काढून टाकावा का?

शेगडीवाली
नमस्कार मंडळी. मी मँचेस्टरला राहते आणि गेल्या हिवाळ्यापासून घरी बिअर बनवते. (इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर बनवण्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना असे काही करता येत नाही, हे तिकडच्या वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.) माझे पातेले ३० लिटरचे असून त्यात साधारण २५ लिटर वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोड काढा, जो पुढे आंबवून बिअर होते) उकळायला ठेवते. उकळी फुटण्याच्या बेतात असताना त्यावर तपकिरी, दाट फेस चढतो आणि जरा नजर हटली की शेगडीभर उतू जातो. हा फेस झाऱ्याने काढून टाकावा असे काही जण सांगतात, तर तो काढल्यास ग्लासातल्या बिअरवर फेस टिकत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. आपण काय करता?

हॉप्सवेडा, न्यू जर्सी
माझे मत स्पष्ट आहे: काढला तरी चालते, नाही काढला तरी चालते. माल्टमधली प्रथिने उष्णतेने गोठून वर येतात आणि त्यांचाच हा फेस बनतो. पाच ते पंधरा मिनिटे जोरात उकळी बसली की तो आपोआप मोडतो, प्रथिनांचे चुरे वर्टमध्ये गरगरताना दिसू लागतात आणि शेवटी तळाशी गाळ होऊन बसतात. हा गाळ आंबवण्याच्या भांड्यात कमीत कमी जाईल एवढे पाहिले की पुरे. ग्लासातला फेस टिकवणारी प्रथिने उकळल्यावरही बरीचशी विरघळलेलीच राहतात, त्यामुळे ती भीती बाळगू नये. त्यापेक्षा ग्लासाला राहिलेला तेलकटपणा फेसाचा मोठा शत्रू आहे.

उतू जाण्यावर खरा उपाय आच कमी करण्याचा आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घाई न करता घालण्याचा आहे. फेस मोडण्याआधी, विशेषतः गोळ्यांच्या रूपातले हॉप्स मूठभर एकदम टाकले, तर उकळत्या वर्टमध्ये बुडबुड्यांना अचानक असंख्य जागा मिळतात आणि फेस भसकन वर येतो. झाकण मात्र ठेवू नका. उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा गंधकयुक्त घटक वाफेवाटेच बाहेर जायला हवा.

काहिलीकर, म्युनिक
हॉप्सवेडा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तरीही मी फेस काढतो. आमच्याकडे कोल्हापूरकडे गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढल्याशिवाय गूळ चांगला उतरत नाही, आणि ती सवय हातात बसलेली आहे. फरक एवढाच की गुळात जे राहिले ते राहिलेच, बिअरमध्ये मात्र गाळ खाली बसायला पुढे वेळ मिळतो. म्हणून येथे मळी काढणे सक्तीचे नाही. मला त्याचा फायदा पातेल्यात दिसतो: वरचा थर काढला की उतू जाण्याचा धोका कमी होतो आणि हॉप्सचा चुरा फेसात अडकून पातेल्याच्या कडेला चिकटत नाही.

काढायचा असेल तर हॉप्स घालण्यापूर्वीच काढावा, कारण नंतर फेसाबरोबर हॉप्सही बाहेर जातात. मोठ्या भोकांच्या झाऱ्यातून सगळे खाली गळते. बारीक जाळीची, लांब दांड्याची स्टीलची गाळणी घ्यावी आणि ती फेसाखाली न बुडवता वरच्यावर फिरवावी. जाळी शेजारच्या गरम पाण्याच्या भांड्यात झटकत राहिल्यास वर्ट फारसे वाया जात नाही.

शेगडीवाली
दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या खेपेला २१–२२ लिटरच वर्ट घेऊन पाहते. आंबताना वर येणाऱ्या तपकिरी फेसालाही हाच नियम लागू होतो का?

हॉप्सवेडा, न्यू जर्सी
नाही, तो प्रकार निराळा. त्यात यीस्ट आणि हॉप्सची कडवट राळ असते. इंग्लंडमधल्या काही जुन्या पद्धतीच्या ब्रुअरी वर आलेले यीस्ट पुढच्या घाण्यासाठी काढून घेतात, पण घरी त्यासाठी झाकण उघडल्यास नको ते जंतू आत जाण्याचीच शक्यता अधिक असते. बराचसा कडवट थर भांड्याच्या कडेला चिकटून राहतो. तो खरवडून पुन्हा बिअरमध्ये पाडू नये, एवढेच पथ्य पाळावे.