मदत हवी आहे: शिकागोत टिपांमधला वाटा किचनला कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

शिकागो शहरात आमचं छोटं रेस्टॉरंट आहे. मी, माझे मिस्टर, किचनमध्ये चौघं आणि बाहेर चार सर्व्हर. अमेरिकेत हा धंदा केलेल्या किंवा त्याचे हिशेब बघणाऱ्या कुणाचा सल्ला मिळाला तर फार बरं होईल.

टिपा मिळतात म्हणून सर्व्हरला कमी पगार द्यायची जी सवलत मालकाला होती, ती शहराने ऑक्टोबर २०२३मध्ये टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. २०२८मध्ये त्यांना पूर्ण किमान वेतन. आमच्यासारख्या लहान ठिकाणी आधी तासाला ९ डॉलर द्यावे लागत. जुलै २०२४मध्ये ११.०२ झाले, जुलै २०२५मध्ये १२.६२. आठवड्याचे ३० तास धरले तर एका सर्व्हरमागे १०८ डॉलर वाढले, चौघांचे मिळून सव्वाचारशेच्या वर. मेन्यूचे भाव थोडे वाढवले, तेवढ्याने भागलं. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. सर्व्हरच्या किमान पगाराचा केंद्राचा दर १९९१पासून तासाला २.१३ डॉलरवरच आहे आणि कुणाचं पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडणं मला कधीच पटलं नाही.

माझा जीव अडकलाय तो किचनमध्ये. शुक्रवारी रात्री साठ डॉलरच्या बिलावर बारा डॉलर टिप पडते. त्या टेबलाची थालीपिठं थापणाऱ्या मावशी सहा तास तव्यासमोर उभ्या असतात, त्यांना त्यातला एक सेंटही नाही. आम्ही कमी पगाराची सवलत घेतो तोवर स्वयंपाक करणाऱ्यांना टिपांच्या वाटणीत घेता येत नाही, असा केंद्राचा नियम आहे.

म्हणून मनात आहे की २०२८ची वाट न बघता सर्व्हरना आत्ताच पूर्ण किमान वेतन, जुलै २०२५च्या दराने तासाला १६.६०, द्यावं आणि टिपा सगळ्यांत वाटाव्यात. म्हणजे एका सर्व्हरमागे आठवड्याला आणखी ११९ डॉलर. पण शुक्रवारच्या टिपा कमी झाल्या तर आमची चांगली मुलं शेजारी निघून जातील, ही भीती आहे. मिस्टर म्हणतात, बिलावर सरळ १८ टक्के सर्व्हिस चार्ज लाव. वॉशिंग्टन डीसीत हीच सवलत बंद करण्यासाठी झालेल्या २०२२च्या मतदानानंतर अनेकांनी तेच केलं, गिऱ्हाइकं चिडली आणि २०२५मध्ये तिथल्या कौन्सिलने वाढीचा वेगच कमी केला. मला ती वाट नको वाटते.

कुणी किचनला वाटा दिलाय का? किती टक्के? सर्व्हरना कसं सांगितलंत?

सिएटलहून उत्तर:

ताई, आमच्या राज्यात कमी पगाराची ही सवलत नाही, त्यामुळे २०१८मध्ये केंद्राचा कायदा बदलल्यापासून आम्ही किचनला वाटा देतो. टिपांच्या शंभरातले वीस आत, बाकी बाहेर. सुरुवातीला दहाच ठेवले होते, सर्व्हरना सवय झाल्यावर वाढवले. वाटणी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. तुम्ही आणि मिस्टर त्यातलं काही घेऊ नका, मालक-मॅनेजरना ते चालतच नाही.

सर्व्हिस चार्ज मात्र टाळाच. तो कायद्याने टिप नसतो, मालकाचं उत्पन्न असतं. शिवाय २०२५च्या नव्या करकायद्यात टिपांवर जी वजावट मिळते, ती गिऱ्हाइकाने आपणहून दिलेल्या टिपेलाच. सक्तीच्या चार्जमधून दिलेल्या पैशावर तुमच्या मुलांना ती मिळणार नाही. हे त्यांना आधी सांगा, मग किचनच्या वाट्याचा विषय काढा.

मूळ प्रश्नकर्ती:

वजावटीचं माहीत नव्हतं, मनापासून आभार. दहा टक्क्यांनी सुरुवात करायचं मिस्टरांनाही पटलंय. एकच विचारते: भांडी घासणाऱ्या मुलाला स्वयंपाक्यांइतकाच वाटा देता, की तासांप्रमाणे?