‘अस्वस्थता’ पुरत नाही, दुसरा शब्द सुचवा

शब्दवेडी
मनोविकारांवरच्या औषधांची माहिती रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठीत लिहिते आहे. अकाथिसियापाशी अडले. काही औषधांमुळे, मुख्यतः अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) गोळ्यांमुळे, माणूस एका जागी टिकत नाही. आतून सतत हलावंसं वाटतं. उभा असला तर भार या पायावरून त्या पायावर, नाहीतर येरझाऱ्या. माझ्यासमोरच्या मजकुरात याला ‘अस्वस्थता’ म्हटलंय. पण अस्वस्थ तर परीक्षेच्या आदल्या रात्रीही वाटतं, वाईट बातमी वाचूनही वाटतं. वाचणारी आई ‘मनाला लावून घेतो फार’ म्हणेल आणि डॉक्टरांना सांगणारच नाही. बेचैनी, तळमळ, तगमग, घालमेल, चुळबुळ यांतलं काय बसेल?

जुनी_वही
तळमळ नकोच. तळमळीला कशाची तरी ओढ असते. ‘जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका म्हणे तळमळी’, इथे जीवन म्हणजे पाणी, आणि मासोळीला तेच हवं आहे. म्हणून ‘तळमळीचा कार्यकर्ता’ हे कौतुक ठरतं. ‘तगमगीचा कार्यकर्ता’ कुणी म्हणत नाही. तुमच्या रुग्णाला काही मिळवायचं नाहीये, त्याला थांबता येत नाहीये.

घालमेल होते ती सांगू की नको, जाऊ की राहू अशा मनाची. तीही बाद. चुळबुळ फार हलकी, कंटाळलेली मुलं करतात ती. बेचैनी त्यातल्या त्यात जवळची. एरवी मराठीत चैन म्हणजे मौज, पण ‘चैन पडत नाही’ म्हणताना विसावा हाच अर्थ असतो. तरी तोही मनाचाच शब्द, पाय त्यात येत नाहीत.

रात्रपाळी
वॉर्डात काम करते, तिथे जे कानावर येतं ते सांगते. तगमग हा शब्द ताप चढलेल्या किंवा श्वास कोंडलेल्या पेशंटबद्दल येतो. तुम्ही म्हणताय तो त्रास होणारी माणसं नामं वापरतच नाहीत. ‘सिस्टर, बसवत नाही हो.’ ‘पाय गप्प राहत नाहीत.’ बस्स.

आणि हा भाग कृपा करून ठळक लिहा: अशा माणसाकडे पाहून आजारच बळावलाय असा समज होऊ शकतो. त्या समजुतीने तेच औषध वाढवलं, तर त्रास आणखी वाढू शकतो. म्हणून घरच्यांनी नेमकं काय दिसतंय ते सांगणं फार गरजेचं आहे. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही हे होऊ शकतं, फक्त मानसिक आजाराच्या गोळ्यांनी नाही.

जुनी_वही
‘बसवत नाही’! हेच घ्या. हे शक्य क्रियापद. ‘तो बसत नाही’ म्हटलं की हट्ट वाटतो, ‘त्याला बसवत नाही’ म्हटलं की इच्छा असूनही जमत नाही हे आपोआप कळतं. पाहवत नाही, गिळवत नाही, तसंच हे. शिवाय १९०१ साली चेक डॉक्टर हाश्कोवेत्स यांनी या त्रासाला ग्रीकवरून जे नाव दिलं, त्याचाही अर्थ ‘बसता न येणं’ असाच आहे. अँटिसायकोटिक गोळ्या तेव्हा नव्हत्याच, त्या १९५० च्या दशकात आल्या.

शब्दवेडी
दोघांचेही मनापासून आभार. नाम शोधायचं सोडते. वाक्य असं करते: ‘गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एका जागी बसवत नसेल, पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, येरझाऱ्या घातल्याशिवाय राहवत नसेल, तर डॉक्टरांना कळवा.’

रात्रपाळी
‘लगेच कळवा’ करा. आणि पुढे जोडा: ‘गोळी आपल्या मनाने बंद करू नका.’ त्रास इतका असह्य होतो की माणसं ती परस्पर सोडतात.