मदत हवी आहे: डूम मेटलच्या (संथ, जड रॉक संगीत) शोला कानांचं काय करता?
मंडळी, मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो, एप्रिलमध्ये टिलबर्गच्या रोडबर्न संगीत महोत्सवाला जायचं चाललंय. कॉलेजपासून पॅराडाईज लॉस्ट बँडचा भक्त (1988 ची इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सची मंडळी, गॉथिक-डूमचे बापलोक), पण लाइव्ह शो आत्तापर्यंत एकच, तोही छोट्या क्लबात, स्पीकरला चिकटून उभा होतो, गाणी संथ पण बास असा की बरगड्या हलत होत्या, डोळ्यात पाणी आलं, मान्य करतो, पण नंतर दोन दिवस कानात शिट्टी. फोमचे बोळे घातले की गायक गोधडीत शिरून गातोय असं वाटतं. फिल्टरवाले इयरप्लग (आवाज न बिघडवता कमी करणारे) वापरलेत का कुणी, किती डेसिबलचे घेऊ? आणि रोडबर्न जिथे होतं त्या 013 च्या मोठ्या हॉलमध्ये साउंडवाल्याच्या डेस्कपाशी उभं राहिलं तर बरं ऐकू येतं का? बायको म्हणते घरीच बस.