तालमीचे जुने अल्बम चिकटलेत, कुठून सुरुवात करावी?

शुक्रवारपेठकर
कोल्हापुरातल्या आमच्या कुस्तीच्या तालमीचे दोन अल्बम आणि वर्गणीची वही हाताशी आहे. एक अल्बम १९८०च्या आसपासचा, चिकट पानांचा. दुसरा २०१९च्या पुरात भिजून सुकलाय, त्यातले काळे-पांढरे फोटो एकमेकांना चिकटलेत. वहीची पुढची पानं जुन्या मोडी लिपीत, मागची बाळबोधात म्हणजे देवनागरीत. फोटो सोडवायचे कसे, स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करायचं?

जुनावाडा
आधी एकही फोटो सोडवू नका. प्रत्येक पानाचा सरळ वरून मोबाईलने फोटो घ्या. कोण कुणाशेजारी लावलाय, खाली काय लिहिलंय, यातच निम्मी माहिती असते.

चिकट पानावर फोटोच्या कोपऱ्याखाली मेण नसलेला डेंटल फ्लॉस सरकवा आणि करवतीसारखा हळू मागे-पुढे करा. वाकवायचंच तर पान वाकवा. फोटो वाकला की वरच्या थराला बारीक तडे जातात. अडला तर जोर नको, भोवतीनं पान कापून फोटो पानासकट ठेवा.

पुरातल्या अल्बमला घाई अजिबात नको. भिजल्यावर फोटोवरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुकताना सरसासारखा धरतो. कोरडे ओढले तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतो. सगळ्यात कमी महत्त्वाची एक जोडी थंड डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ठेवून बघा. आपसूक सरकली तरच पुढची घ्या. वाळवताना चित्र वर, खाली टीपकागद, जागा सावलीची. बुरशी लागलेले आणि हातानं रंगवलेले फोटो पाण्यात घालायचेच नाहीत. बुरशीनं जिलेटिन खाल्लं असेल तर चित्रच विरघळून जातं.

रंकाळाकाठ
पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, दोन-अडीच इंची छोट्या प्रिंटला १२००. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारी फाईल) ठेवा, व्हॉट्सॲपला जेपेग वेगळी काढा. स्कॅनरमधलं धूळ काढणं, रंग सुधारणं बंद ठेवा, नाहीतर पैलवानाच्या अंगावरची मातीही डाग समजून पुसली जाते. फाईलचं नाव अल्बम-पान-फोटो असं: ०२-०७-०३.

समूहफोटोच्या झेरॉक्सवर प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि ती प्रत पेठेतल्या म्हाताऱ्यांपुढे ठेवा. टोपणनावंसुद्धा लिहून घ्या, बऱ्याच जणांना त्याच नावानं ओळखतात.

लॅमिनेशन आणि सेलोटेप नकोच. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. कपाट तळमजल्यावर असेल तर पेटी वरच्या मजल्यावर हलवा, पंचगंगा पुन्हा येणारच.

मोडीवाचक
साल ठरवायला खुणा बघा. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिन असेल तर शिक्का ऑगस्ट १९७२ नंतरचा. मागच्या फलकावर ‘महानगरपालिका’ असेल तर फोटो डिसेंबर १९७२ नंतरचा. गाडीवर कोल्हापूरचं एमएच-०९ दिसलं तर १९८९च्या पुढचा.

वहीत शके असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. म्हणजे शके १८७०चा चैत्र १९४८चा, पण माघ १९४९चा. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला विलीन झालं, त्यामुळे त्या सालाच्या नोंदी जास्त काळजीनं वाचा. मोडीत नावं आणि रकमा आधी लावून घ्या. आकडे ओळखीचे असतात, त्यांच्या आधारानं अक्षरं सुटत जातात.

शुक्रवारपेठकर
चिकटलेल्या काही फोटोंमागे जांभळ्या पेन्सिलीनं नावं आहेत. ते पाण्यात घातले तर?

जुनावाडा
नको. ती कॉपिंग पेन्सिल, पाणी लागलं की शाईसारखी पसरते. नावं जातील आणि पुढच्या फोटोवर जांभळा डाग बसेल. तेवढे गठ्ठे कोरडेच ठेवून फोटो-संवर्धनाच्या जाणकाराला दाखवा.