टीएनएफ रोखणारे इंजेक्शन लागू पडले नाही. मग जॅक रोखणारी गोळी कशी लागू पडेल?

प्रश्न
आईला ९ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात) आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू असून ६ महिने टीएनएफ (दाह वाढवणारे प्रथिन) रोखणारे इंजेक्शनही झाले, तरी सकाळी तास-दीड तास तिच्या मुठी वळत नाहीत. कणीक मळणे तर केव्हाच सुटले. आता डॉक्टरांनी टोफॅसिटिनिब ही जॅक रोखणारी गोळी सुचवली आहे. इंजेक्शनने जे साधले नाही ते गोळीने कसे साधेल, हे कोणी पेशीच्या पातळीवर समजावून सांगेल का?

उत्तर १
टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे दोन्ही दाहाचे निरोपे असले, तरी पेशीतल्या त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. टीएनएफचा निरोप मुख्यतः एनएफ-कप्पा-बी या प्रथिनामार्गे केंद्रकात पोहोचतो. इंटरल्यूकिन-६ मात्र आपल्या ग्राहीला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटले, की ग्राहीच्या आतल्या टोकाशी असलेली जॅक नावाची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) जागी होतात, स्टॅट प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात आणि जोडी जमलेली ही स्टॅट प्रथिने केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करतात. आईंच्या सांध्यांत या दुसऱ्या वाटेचा जोर अधिक असेल, तर टीएनएफ अडवूनही सूज उरणे शक्य आहे. शिवाय इंजेक्शनमधले प्रथिन आकाराने मोठे असल्याने पेशीबाहेरच काम करते. टोफॅसिटिनिबचा लहान रेणू आत जाऊन जॅकवरची एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसण्याची जागाच व्यापतो. जॅक एकूण ४ आणि त्यांच्यावर विसंबलेली सायटोकाइन (असे निरोप नेणारी प्रथिने) मात्र कितीतरी, त्यामुळे एकाच गोळीने बरेच निरोप मंदावतात.

उत्तर २
वरील शेवटच्या वाक्यातच धोकाही आहे, आणि तो मला औषधाच्या गुणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. विषाणूंशी लढणारी इंटरफेरॉनही जॅकच्याच वाटेने बोलतात. म्हणून या गोळ्यांवर नागीण अधिक दिसते. क्षयाची तपासणी आधी झालीच पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ५० वर्षांवरील आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांमध्ये, टीएनएफरोधकांच्या तुलनेत टोफॅसिटिनिब घेणाऱ्यांत हृदयविकार व कर्करोग अधिक आढळले. आईंचे वय आणि रक्तदाब डॉक्टरांच्या ध्यानात आहे ना, हे कृपया विचारून घ्या.

उत्तर ३
एक पुरवणी. सीआरपी (रक्ततपासणीत दाह दाखवणारे प्रथिन) यकृतात बनते ती प्रामुख्याने इंटरल्यूकिन-६च्या सांगण्यावरून. तो निरोपच दबला की सीआरपी उतरते, त्यामुळे गोळी चालू असताना ताप आला आणि सीआरपी कमी दिसली, तरी संसर्ग नाही असे समजू नये.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आई ६३ वर्षांची असून रक्तदाबाची गोळी घेते. पुढच्या भेटीत सर्वांत आधी हेच सांगेन.