वंशावळ संग्रहात १२० तासांची इंटर्नशिप: आधी काय शिकून जावं?

खाडीकिनारा
एम. ए. इतिहासाच्या ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग) ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास भरायचे आहेत. ठाण्यातल्या एका खासगी संग्रहात वंशावळी, जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) आणि वतनाचे कागद यांचं स्कॅनिंग आणि सूची चालू आहे. आईही स्वयंसेवक म्हणून येणार आहे. मोडी दोघींनाही येत नाही. काम मिळेल का? आणि जूनमध्ये सुरू करावं की दिवाळीनंतर?

बोरू_दौत
मोडीशिवायही काम भरपूर असतं. शाळांची जनरल रजिस्टरं आणि अलीकडचे फेरफार बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असतात, आईंना तिथेच बसवा. फक्त कागदाची भाषा आधी कळायला हवी.

"रामजी बिन धोंडजी" म्हणजे धोंडजीचा मुलगा रामजी. "वलद"चाही अर्थ तोच. पण "सखू कोम राघो" किंवा "सखू भ्र. राघो" असेल तर राघो हा नवरा. इथे नवशिक्यांकडून राघो बाप म्हणून चढतो आणि सून त्याच घरात मुलगी होऊन बसते. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता: आधीचं नाव अज्ञानाचं (अल्पवयीनाचं), पुढचं पालकाचं. तो पालक बाप नसून आई, चुलता, मामा कुणीही असू शकतो. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरं आडनावाच्या रकान्यात भरलेल्या याद्या सर्रास सापडतात!

नोंद भरताना दोन रकाने ठेवा: कागदावर जसं आहे तसं, आणि शेजारी आपलं वाचन. "म्हातरे" दिसलं तर पहिल्या रकान्यात "म्हातरे"च. शुद्धलेखन सुधारण्याची खाज दुसऱ्या रकान्यात भागवा.

मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग निघतात, त्यावर नजर ठेवा. मुळाक्षरं लवकर येतात. अडतं ते शब्द तोडण्यात, कारण मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत.

शके_१८२२
तारखांचं कोष्टक पाठ करून जा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण मार्गशीर्ष-पौषात कधीतरी १ जानेवारी येतो, तिथून फाल्गुनाअखेर ७९. माघ शके १८२२ म्हणजे १९०१ साल, १९०० नव्हे. मृत्यूची नोंद एक वर्ष मागे गेली की बाप मेल्यावर बाळ जन्मल्यासारखं दिसतं आणि कुणीतरी उगाच दत्तकाची शंका काढतं.

पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी शब्दांत असतो, एकक आधी. "तिसा सबैन मया व अलफ" म्हणजे ९, ७०, १००, १००० मिळून ११७९. त्यात ५९९ मिळवा: १७७८. हे वर्ष मृगाला, जूनमध्ये सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फसली सनाला (महसुली वर्ष) ५९०, आणि जानेवारीनंतर ५९१.

कसर_वाळवी
स्कॅनिंगसाठी दिवाळीनंतरच या. ठाण्याच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, चिकटलेली पानं सोडवताना फाटतात. जून ते सप्टेंबर नोंदी भरायचं काम घ्या.

जुनी काजळीची शाई पाण्याला टिकत नाही. बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती मोज्यांनी उलट कडा अडकून फाटतात. टेबलावर फक्त पेन्सिल. टाचण्या, रबरबँड, सेलोटेप, लॅमिनेशन, सगळं बाद.

रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडण्याआधी गाठीसकट फोटो काढा आणि आतला क्रम हलवू नका. नाव-गाव नसलेला कागद कोणत्या घराण्याचा, हे बरेचदा शेजारच्या कागदावरूनच कळतं. स्कॅन रंगीत, ४०० डीपीआय, मूळ प्रत टिफ (TIFF) फाइलमध्ये. मागची बाजू कोरी दिसली तरी घ्या, शेरा तिथेच असतो. फाइलला "पाटील १" असलं नाव देऊ नका. गाव, रुमाल क्रमांक, पान, पुढची-मागची बाजू, याच क्रमाने.

फेरफार_सहा
नवी मुंबईच्या गावांचं काम आलं तर एक अडचण हमखास येते. एकाच गावात पाटील, म्हात्रे, भोईर यांची कितीतरी घरं, आणि आजोबाचं नाव नातवाला. "गणपत नामा, नामा गणपत" अशी साखळी लागली की पिढी गाळली जाते किंवा दुप्पट होते. नावावर जोडू नका. बायकोचं नाव, सर्व्हे नंबर आणि वारस फेरफाराची तारीख, यांतले किमान दोन जुळले तरच जोडा. नाहीतर तुटक रेघ.

पनवेलकडच्या गावांसाठी दोन जिल्ह्यांची दप्तरं बघावी लागतात. १८८२च्या गॅझेटिअरात पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे, नंतर ते कुलाब्यात गेलं आणि १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं.

आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांमुळे (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडको मूळ मालकांना किंवा वारसांना देते ते) तिथे वंशावळ म्हणजे पैशाचा कागद. हयात माणसांची नावं, आधार, फोटो संग्रहाबाहेर जाऊ देऊ नका. कुणी "आमचं नाव जरा वर घ्या" म्हणालं, तर थेट संग्रहप्रमुखांकडे पाठवा.

खाडीकिनारा
आभार. म्हणजे जूनपासून ८० तास नोंदी आणि नोव्हेंबरमध्ये ४० तास स्कॅनिंग, असं मागून बघते. चालेल?

कसर_वाळवी
संग्रहाला चालेल. कॉलेजला तास दोन सत्रांत विभागलेले चालतात का, ते आधी लेखी घ्या. आणि हजेरीपत्रकावर रोजची सही रोजच घ्या, शेवटी एकदम नाही मिळत.