शब्दचर्चा: ‘अर्ल’ म्हणजे उमराव, सरदार की जहागीरदार? (मॉर्निंग्टन-वेलस्ली घराण्याच्या निमित्ताने)

भाषांतरकार

वेलस्ली बंधूंच्या घराण्याचा इतिहास सांगणाऱ्या एका इंग्रजी लेखाचे मराठीकरण मी हाती घेतले आहे आणि पहिल्याच वाक्यात अडलो आहे. आयर्लंडमधील गॅरेट वेस्ली यांस १७६० साली ‘मॉर्निंग्टनचे अर्ल’ करण्यात आले, एवढेच ते वाक्य आहे. मी प्रथम ‘जहागीरदार’ लिहिले, ते खोडून ‘सरदार’ केले, तेही खोडून ‘उमराव’ केले, आणि आता कागदावर तीन खोडलेले शब्द व चौथ्यासाठी मोकळी जागा एवढेच उरले आहे. यांपैकी कोणता शब्द योग्य, की ‘अर्ल’ तसाच ठेवावा? दुसरे असे, की या एकाच घरातील माणसे कॉली, वेस्ली, वेलस्ली, पोल, मॉर्निंग्टन आणि वेलिंग्टन अशा सहा नावांनी वावरतात. मराठी वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.

मोडीवाचक

‘जहागीरदार’ आपण खोडलात हे उत्तम झाले. जहागीर म्हणजे एखाद्या मुलखाचा महसूल उपभोगण्याचा अधिकार, आणि ती गेली की जहागीरदारी केवळ आठवणीपुरती राहते. मॉर्निंग्टन हे मीथ परगण्यातील, बॉइन नदीच्या मुखाजवळचे एक गाव आहे. त्या गावाचा वसूल अर्लपदाबरोबर आपोआप मिळत होता, असे समजण्याचे कारण नाही. या घराण्याचा वाडा त्याच परगण्यात डँगन येथे होता आणि दुसरे अर्ल रिचर्ड, म्हणजे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आलेले वेलस्ली, यांनी ती मालमत्ता १७९३ मध्ये विकून टाकली. तरी १८४२ मध्ये मरेपर्यंत ते मॉर्निंग्टनचे अर्लच राहिले. वतन विकून वतनदार राहिल्याचे उदाहरण आपल्या दप्तरांत मिळणे कठीण आहे.

‘सरदार’ या शब्दाला माझी हरकत वेगळ्या कारणासाठी आहे. सरदार म्हटले की पथक, घोडी आणि मोहीम डोळ्यांपुढे येतात. आपले पहिले अर्ल गॅरेट वेस्ली हे संगीतकार होते आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संगीताचे पहिले प्राध्यापक होते. त्यांना सरदार म्हटले तर वाचक त्यांच्या हाती व्हायोलिनऐवजी तलवार देईल.

राहिला ‘उमराव’. हा अरबीत ‘अमीर’ शब्दाचे अनेकवचन आहे, पण मराठीने तो एकवचनी करून घेतला, त्याबद्दल आता तक्रार करण्यात अर्थ नाही. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या पाचही दर्जांच्या लोकांना मिळून ‘उमराव’ किंवा ‘उमराववर्ग’ म्हणावे. पण त्यांतील तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला वेगळे ओळखायचे असेल तर ‘अर्ल’ या शब्दाला पर्याय नाही. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘अर्ल, म्हणजे ब्रिटिश उमरावांतील तिसरा दर्जा’ असे एकदा सांगितले की पुढे अडचण येत नाही.

मुद्रितशोधक

मोडीवाचकांशी सहमत आहे. त्यात व्याकरणाची भर घालतो. ‘अर्ल’चे सामान्यरूप ‘अर्ला’ होते. म्हणून ‘अर्लाचा वाडा’, ‘अर्लाने’ हे शुद्धच आहे, आणि ‘अर्लचा’ असे लिहिणारे ‘लॉर्डचा’ या बोलीतील सवयीने लिहितात. मी दोन्ही चालू देतो, मात्र एका लेखात एकच रूप असावे. आदरार्थी बहुवचनात ‘पहिले अर्ल’ आणि केवळ क्रम सांगताना ‘पहिला अर्ल’ हा भेदही शेवटपर्यंत पाळावा. मजकुरात एकाच परिच्छेदात गॅरेट ‘वारले’ आणि त्यांचा मुलगा ‘आला’ असे झाले तर वाचकाला लेखकाचा कल उगाच दिसतो.

‘चे’ या प्रत्ययाकडेही लक्ष द्यावे. ‘मॉर्निंग्टनचे अर्ल’ यात ‘चे’ आहे, कारण पदवी गावाच्या नावावर आहे. ‘अर्ल ग्रे’ किंवा ‘मार्क्विस वेलस्ली’ यांत पदवी आडनावावर असल्यामुळे ‘चे’ येत नाही. ‘वेलस्लीचे मार्क्विस’ असे छापलेले मी अनेकदा पाहिले आहे आणि ते दर वेळी चूक असते.

एक जुनी शंका विचारून ठेवतो: अर्लाची पत्नी ‘काउंटेस’ का? मराठी वाचकाला ती चूक वाटते.

इतिहासाची विद्यार्थिनी

चूक नाही, इतिहासाचा अवशेष आहे. ‘अर्ल’ हा जुन्या इंग्रजीतील ‘एओर्ल’ शब्दापासून आला आणि उत्तरेकडील ‘यार्ल’ हा त्याचा भाऊबंद. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्ते आले तेव्हा त्यांच्या फ्रेंच भाषेत याच दर्जाला ‘काउंट’ म्हणत; पण इंग्लंडमध्ये पुरुषासाठी जुना ‘अर्ल’च टिकला, त्याला स्त्रीलिंगी रूप नव्हते, म्हणून पत्नीसाठी फ्रेंचांचा शब्द घेतला गेला. ‘काउंटी’ हा मुलखाचा शब्दही त्याच घरातला. तेव्हा ‘अर्लीण’ बनवण्याचा मोह टाळावा आणि ‘काउंटेस’च ठेवावे. विधवा काउंटेससाठी मात्र मराठीत सुंदर सोय आहे: गॅरेट १७८१ मध्ये वारले, त्यांच्या पत्नी अ‍ॅन १८३१ पर्यंत जगल्या आणि त्या पन्नास वर्षांत मुलगा रिचर्ड हा घराचा प्रमुख होता, अशा बाईंना मी लेखात सरळ ‘आईसाहेब’ म्हणेन.

आणखी एक बारकावा आहे. ही पदवी आयर्लंडच्या उमरावकीतील होती. तिच्या बळावर वेस्टमिन्स्टरच्या लॉर्ड्स सभेत बसता येत नसे, म्हणूनच रिचर्ड आधी कॉमन्स सभेत निवडून गेले. म्हैसूरच्या मोहिमेनंतर १७९९ मध्ये त्यांना मार्क्विसपद मिळाले तेही आयर्लंडचेच निघाले, तेव्हा त्यांनी चिडून त्याला ‘दुहेरी मुलामा दिलेला बटाटा’ म्हटले. सोन्याचा मुलामा दिला तरी आत आयरिश बटाटाच, असा त्यांचा रोख. तेव्हा आपल्या मजकुरात ‘ब्रिटिश अर्ल’ असे मोघम न लिहिता ‘आयर्लंडच्या उमरावकीतील अर्ल’ असे लिहिणे अधिक काटेकोर होईल.

भाषांतरकार

बटाट्याचा दाखला मूळ लेखात नाही, पण मी तो टिपून ठेवला आहे. आता आडनावांकडे येतो. गॅरेट यांचे वडील रिचर्ड हे जन्माने कॉली. १७२८ साली त्यांना एका वेस्ली आप्ताची मालमत्ता मिळाली आणि त्यांनी वेस्ली हे आडनाव घेतले. पुढे १७४६ मध्ये ते बॅरन मॉर्निंग्टन झाले. याला मी ‘दत्तक गेले’ असे लिहिले आहे. मराठी वाचकाला ते चटकन समजेल असे वाटते.

मोडीवाचक

समजेल, पण चुकीचे समजेल. दत्तविधानात मुलगा एका गोत्रातून दुसऱ्यात जातो, जन्मदात्यांच्या घरावरचा त्याचा हक्क सुटतो आणि दत्तक पित्याचे श्राद्ध तो करतो. इथे प्रौढ गृहस्थाने मृत्युपत्राने आलेल्या मालमत्तेबरोबर आडनाव उचलले, याहून अधिक काही झाले नाही. ‘वारसाबरोबर आडनावही घेतले’ असे लिहावे. त्याच घरात पुढे गव्हर्नर जनरल रिचर्ड यांचे धाकटे भाऊ विल्यम यांनी १७८१ मध्ये पोल नावाच्या आप्ताची मालमत्ता मिळताच ‘पोल’ जोडून घेतले. तिथेही हाच शब्दप्रयोग चालेल.

आणि मुख्य मुद्दा पुढे आहे. ब्रिटिश उमरावपद दत्तकाला मिळतच नाही. ते औरस वंशातून, बहुतेक वेळा पुरुषांच्या ओळीतूनच उतरते. लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तविधान नामंजूर करून राज्य खालसा केले, त्याबद्दल आपण त्याला दोष देतो आणि तो योग्यच आहे. पण तो स्वतः डलहौसीचा दहावा अर्ल होता आणि ज्या व्यवस्थेत तो वाढला तिच्यात निपुत्रिकाचे पद दत्तकाकडे जाण्याची सोयच नव्हती. १८६० मध्ये तो वारला, मागे केवळ मुली होत्या; १८४९ मध्ये मिळालेले मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपले आणि अर्लपद चुलत शाखेकडे गेले. ‘दत्तक’ हा शब्द त्या घराण्यांच्या इतिहासात घुसडला की हा सगळा फरक पुसला जातो.

इतिहासाची विद्यार्थिनी

मॉर्निंग्टन घराण्यात ‘औरस’ हा शब्द फार कामाचा आहे. रिचर्ड आणि हायसिंथ रोलाँ यांना लग्नाआधी पाच मुले झाली. लग्न १७९४ मध्ये लागले. इंग्लंडच्या कायद्यात आईवडिलांच्या नंतरच्या लग्नाने ती मुले औरस ठरत नसत, म्हणून १८४२ मध्ये रिचर्ड वारले तेव्हा मार्क्विसपद संपले आणि अर्लपद भाऊ विल्यमकडे गेले. विल्यम १८४५ मध्ये वारले. त्यांच्या मुलाने पत्नीच्या इस्टेटीची अशी धूळधाण केली, की वॉन्स्टेडच्या वाड्यातील सामानाचा १८२२ मध्ये लिलाव झाला आणि पुढे वाडाही पाडला गेला. त्या मुलाचे संपूर्ण आडनाव ‘पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली’ असे होते, त्यामुळे सूची करणाऱ्याची मला आत्ताच दया येते. तो १८५७ मध्ये आणि त्याचा अविवाहित मुलगा १८६३ मध्ये वारला, आणि मॉर्निंग्टनचे अर्लपद तिसरे भाऊ आर्थर यांच्या मुलाकडे, म्हणजे दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे आले.

माझी सूचना अशी, की रिचर्ड-विल्यम यांच्या वंशाला ‘थोरली पाती’ आणि आर्थरच्या वंशाला ‘धाकटी पाती’ म्हणावे. देवासच्या पवारांमुळे हे शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत.

मुद्रितशोधक

शब्द देखणे आहेत, पण मला पटत नाहीत. पाती म्हणजे वाटा. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या वंशांकडे राज्याचे दोन वाटे होते, म्हणून दोन पात्या झाल्या. इथे आर्थरच्या हाती मॉर्निंग्टनच्या पदाचा रुपयात पैसाही आला नाही. थोरल्याकडे सगळे आणि धाकट्याने लष्करात किंवा चर्चमध्ये पोट भरावे, हीच तर त्या समाजाची रीत. ‘धाकटी पाती’ लिहिले तर वाचकाला वाटणी झाल्यासारखे वाटेल.

इतिहासाची विद्यार्थिनी

मान्य. मी ‘पाती’ मागे घेते. ‘थोरली शाखा’ आणि ‘धाकटी शाखा’ असे साधे शब्द वापरावेत. ज्याला पद नव्हते त्या धाकट्या भावानेच घराण्यातले सर्वांत मोठे पद मिळवले, ही गंमत साध्या शब्दांतही कमी होत नाही. १८०९ मध्ये त्याला पहिली पदवी मिळाली तेव्हा तो स्पेनमध्ये होता. नाव निवडण्याचे काम भाऊ विल्यमवर पडले आणि वेलस्ली या नावाशी जुळणारे म्हणून सॉमरसेटमधील वेलिंग्टन या गावाचे नाव त्याने उचलले. मुंबईच्या कुलाब्यातील १८६५ च्या कारंज्यावर जे नाव चढले, ते असे भावाने नकाशावरून शोधलेले नाव आहे. सर्वांत धाकटे हेन्री १८२८ मध्ये बॅरन काउली झाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी सोडलेले आडनाव काउली या रूपाने, नातवाकडे पदवी म्हणून परत आले.

मोडीवाचक

नावांच्या गोंधळावर एकच कडक नियम पाळा: घटनेच्या दिवशी जे नाव आणि जो दर्जा होता तोच त्या वाक्यात लिहावा. १७९८ मध्ये कलकत्त्यास आले ते मॉर्निंग्टनचे अर्ल. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला तेव्हा तेच गृहस्थ मार्क्विस वेलस्ली होते. काही मराठी पुस्तकांत हे दोन निरनिराळे गव्हर्नर जनरल असल्यासारखे येतात. तसेच २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लढले ते मेजर जनरल आर्थर वेलस्ली. त्या दिवशी ते ना अर्ल होते ना ड्यूक, साधे ‘सर’ही नव्हते. ‘असईच्या लढाईत ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ हे वाक्य जालन्यापासून लंडनपर्यंत कोठेही छापले तरी चुकीचेच, कारण ड्यूकपद १८१४ चे आहे. आडनावाचे लेखनही पाहा: आर्थर १७९८ पर्यंत स्वतःला ‘वेस्ली’ लिहीत आणि ‘वेलस्ली’ ही जुनी लांब जोडणी त्यांनी थोरल्या भावाचे पाहून घेतली.

भाषांतरकार

सर्वांचे आभार. पहिले वाक्य आता असे केले आहे: ‘आयर्लंडच्या उमरावकीत १७४६ पासून बॅरन असलेल्या घराण्यातील गॅरेट वेस्ली यांना १७६० साली मॉर्निंग्टनचे अर्ल, म्हणजे उमरावांतील तिसऱ्या दर्जाचे मानकरी, करण्यात आले.’ ‘मानकरी’ हा शब्द मी जाणून घातला आहे, कारण त्यात मान आहे आणि जमीन नाही. त्यावर आक्षेप असल्यास सांगावा. शिवाय सूचीत रिचर्ड यांची नोंद ‘म’ खाली करावी की ‘व’ खाली?

मुद्रितशोधक

‘मानकरी’ला मान लग्नात आणि जत्रेतही मिळतो, पण या वाक्यात तो खपतो, ठेवा. मुख्य नोंद ‘वेलस्ली, रिचर्ड’ अशी ‘व’ खाली करा आणि ‘म’ खाली ‘मॉर्निंग्टन, दुसरे अर्ल: पाहा वेलस्ली, रिचर्ड’ एवढेच द्या. चार आडनावांच्या त्या पुतण्याची नोंदही ‘व’ खालीच करावी, नाहीतर ‘ट’, ‘प’ आणि ‘ल’ अशा तीन ठिकाणी त्याला शोधत बसावे लागेल.